सुबारूचा ट्रॅकसूट

गेल्या महिन्यात मामेभाऊ चार दिवस आमच्याकडे मुलुंडला राहायला होता, डोंबिवलीला त्यांच्या घरी रंगकाम चालू होतं म्हणून, आणि त्या चार दिवसांत आमचं रोज रात्री जेवणं झाली की एकाच विषयावर भांडण. आजी झोपलेली असेल तर आवाज दाबून आणि जागी असेल तर तिच्यासमोरच. विषय काय, तर इसेकाईमधला हीरो सुधारतो, मोठा होतो असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय झालेलं असतं. तो स्लाईमवाला आहे, मी रीझिरोवाली, दोन्ही याच प्रकारच्या जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन सीरिज. तो परत गेला तरी माझ्या डोक्यातून विषय जाईना म्हणून आता इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इसेकाई म्हणजे जपानीत सरळ 'दुसरं जग'. आपल्यातलाच कुणीतरी मरतो किंवा अचानक उचलला जातो आणि जादू, राक्षस, तलवारी असलेल्या दुनियेत जाऊन पडतो, अशा गोष्टींचा हा अख्खा प्रकार, आणि आता तो इतका पसरलाय की २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीने पण हा शब्द घेतला.

भावाचं म्हणणं आधी सांगते, कारण ते मला पटत नसलं तरी मला ते महत्त्वाचं वाटतं. त्याचा लाडका म्हणजे स्लाईममधला रिमुरू. सातोरू मिकामी नावाचा ३७ वर्षांचा ऑफिसात काम करणारा माणूस, ज्युनियरला वाचवताना चाकू लागून मरतो आणि दुसऱ्या जगात स्लाईम म्हणून जन्माला येतो, म्हणजे अक्षरशः जेलीचा गोळा. मग तो जे गिळतो त्याची ताकद त्याची होते, गॉब्लिन येतात, लांडगे येतात, ओग्रे येतात, सगळ्यांना नावं देतो, रस्ते बांधतो, शहर बांधतो, देश उभा करतो. भाऊ म्हणतो, "ताई, एका गोळ्यापासून देश झाला, अजून किती वाढायचं माणसाने?"

आणि खरंय, वाढतोच तो. पण माझं म्हणणं असं की ही वाढ बेरजेची आहे. मी दिवसभर अकाउंट्समध्ये बसते म्हणून मला ते तसं दिसत असेल, पण रिमुरूच्या खात्यात फक्त जमाच होत जाते. सगळ्यात मोठा धक्का बसतो तो शेजारच्या फाल्मुथ राज्यवाले त्याच्या शहरावर हल्ला करतात आणि त्याची साथीदार शिऑन मरते तेव्हा, आणि तो भाग खरंच भारी आहे, मी पण हलले होते. पण मग काय होतं तर तो अख्खं सैन्य मारतो, १०,००० जीव लागतात राक्षसराजा व्हायला, तो होतो, आणि शिऑन परत जिवंत होते. म्हणजे जे गेलं ते परत आलं आणि वर पॉवर पण मिळाली. इतक्या माणसांना मारल्यावर त्याच्या आत काहीतरी कायमचं मोडायला पाहिजे होतं असं मला वाटत राहिलं, पण गोष्टीला तिथे थांबायचंच नव्हतं.

यामागे एक साधं कारण आहे असं मला वाटतं. यातल्या बऱ्याचशा गोष्टी मुळात पुस्तक म्हणून लिहिल्याच गेल्या नव्हत्या. शोसेत्सुका नि नारो नावाची जपानी साईट आहे, २००४ पासूनची, तिथे कुणीही आपली कादंबरी हप्त्याहप्त्याने टाकू शकतं आणि लोक फुकट वाचतात. स्लाईम तिथलीच, रीझिरो तिथलीच, मुशोकु तेन्सेई तिथलीच. आता विचार करा, तुम्ही रोज एक छोटा भाग टाकताय, वाचणारा दमूनभागून ट्रेनमध्ये मोबाईलवर तो वाचतोय, तर त्याला आजच्या आज काहीतरी हातात पडायला हवं ना, एक नवी स्किल, एक लेव्हल, एक जिंकलेली मारामारी. बेरीज प्रत्येक हप्त्यात दाखवता येते. माणूस आतून बदलणं दर हप्त्याला नाही दाखवता येत, ते चाळीस हप्ते काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. म्हणूनच ज्यांनी त्याच साईटवर, तशाच हप्त्यांत, दुसऱ्या प्रकारची वाढ लिहून दाखवली त्यांच्याबद्दल मला जास्त आदर आहे.

तर आता माझा खरा मुद्दा. इसेकाईमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत ज्या आपण एकाच नावाखाली कोंबतो. एकात माणूस मरून पुन्हा जन्म घेतो, बाळ म्हणून, नवं शरीर, नवे आईबाप. दुसऱ्यात तो आहे तसाच उचलून नेला जातो, तेच शरीर, तेच कपडे. आणि मला वाटतं हीरो कसा बदलणार हे तिथेच ठरतं, कारण पहिल्याकडे वेळ आहे आणि दुसऱ्याकडे नाही.

हे मी भावाला सांगत होते तेव्हा आजी जागी होती, आणि ती पलंगावरून म्हणाली, अगं मग नारदाचं काय. तिने कीर्तनात ऐकलेली गोष्ट, नारद देवाला म्हणतो मला तुझी माया दाखव, देव म्हणतो आधी पाणी आण तहान लागलीय, नारद पाणी मागायला एका घरी जातो, दारात मुलगी दिसते, लग्न होतं, पोरंबाळं होतात, बारा वर्षं जातात, पूर येतो, सगळी डोळ्यांदेखत वाहून जातात, तो नदीकाठी रडत बसलाय आणि मागून आवाज येतो, नारदा, पाणी आणतोस ना, अर्धा तास झाला. आम्ही दोघं गप्पच झालो. हिशोब मांडला तर नारदाला तिथून काहीच मिळत नाही, ना ताकद ना लेव्हल, आणि आजीने ती गोष्ट किती वर्षं लक्षात ठेवलीय.

पुन्हा जन्मवाल्यांत माझ्यासाठी सगळ्यात ठळक रुडेउस, मुशोकु तेन्सेईचा. आधीच्या जन्मात ३४ वर्षांचा, कामधंदा नाही, शाळेत असताना पोरांनी इतकं वाईट छळलेलं की तो खोलीच्या बाहेर पडायचाच बंद झाला, आईवडील गेले तर अंत्यविधीलासुद्धा गेला नाही आणि भावंडांनी घरातून काढलं. त्याच दिवशी ट्रकखाली मरतो. नव्या जगात जन्मतो, जादूत हुशार, सगळे कौतुक करतात, आणि आपल्याला वाटतं झालं, सुटला हा. पण तो घराच्या फाटकाबाहेर जात नाही. लहान मूल म्हणून कुणाच्या ते लक्षातही येत नाही. मग त्याची शिक्षिका रॉक्सी त्याला परीक्षेसाठी घोड्यावर बसवून बाहेर नेते, तिला कल्पनाच नाही की या पोराच्या आत काय चाललंय, तो थरथरतोय, आणि गावातले लोक नुसते बघतात, हसतात, आपापल्या कामाला लागतात. बस्स. एवढंच होतं. ना राक्षस ना लढाई, आणि तरीही त्या पूर्ण सीरिजमधलं सगळ्यात मोठं अंतर तो त्या सकाळी कापतो असं मला वाटतं.

रुडेउसची वाढ ही झाडासारखी आहे, हळू, मागेपुढे, आणि वाकडी फांदी तशीच राहते. वाकडी फांदी म्हणजे बायकांकडे बघायची त्याची नजर आणि त्याच्या त्या घाणेरड्या सवयी, ज्यामुळे मी ही सीरिज एकदा मध्येच सोडली होती आणि कुणी त्यासाठी कायमची सोडली तर मी एक शब्द बोलणार नाही. गोष्ट त्यावर नको तितकी हसते. तरी मी परत आले ती त्याच्या आणि पॉलच्या, म्हणजे नव्या बापाच्या नात्यासाठी. मिलिस नावाच्या देशात पॉल दारूत बुडालेला भेटतो, दोघं हाणामारी करतात, आणि नंतर रुडेउसला कळतं की मनाच्या वयाने हा बाप आपल्यापेक्षा लहान आहे, घाबरलेला आहे, बायको हरवलेला साधा माणूस आहे. पुढे भुलभुलैयात तोच पॉल त्याला बाजूला ढकलून स्वतः मरतो. आधीच्या जन्मात आईवडिलांना निरोप द्यायला न गेलेला माणूस या जन्मात बापाचं मरण समोर उभं राहून बघतो, आणि कोसळतो. हे लिहायला लेखकाला अख्खं एक बालपण आणि तारुण्य लागलं. पुन्हा जन्मात तेवढा वेळ मिळतो.

आता दुसरा. रीझिरोचा नात्सुकी सुबारू. दुकानातून काहीतरी घेऊन बाहेर पडतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या जगात, अंगावर तोच ट्रॅकसूट, हातात दुकानाची पिशवी. त्याला नवं बालपण नाही, कुणी आई नाही, जादूही जवळजवळ नाही. एकच गोष्ट आहे, मेला की तो मागच्या एका ठरावीक वेळेवर परत येतो, आणि मागे काय झालं हे फक्त त्याला आठवतं. कुणाला सांगायला गेला तर एक काळा हात येऊन त्याचं काळीज आवळतो.

मी हे २०१८ मध्ये पाहिलं. त्याआधी माझे सीए इंटरचे चार अटेम्प्ट झाले होते. प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के, आणि मी कधी एका पेपरात ३७ तर कधी सगळे पास पण एकूण थोडक्यात गेलं. दर सहा महिन्यांनी तीच पुस्तकं, तोच टेबललॅम्प, आणि मी परत पहिल्यापासून. म्हणजे मला मागचं सगळं आठवतंय, कुठल्या प्रश्नावर हात थरथरला होता ते पण, आणि घरच्यांना फक्त निकालाचा दिवस दिसतो. तिसऱ्या निकालाच्या रात्री मी आईवर ओरडले होते, हे सगळं मी तुमच्यासाठीच करतेय ना. आई म्हणाली, आम्ही कधी सांगितलं? आणि मी उठून गॅलरीत गेले.

तर मी सकाळच्या स्लो लोकलमध्ये, मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत बरोबर एक एपिसोड व्हायचा माझा, तेरावा एपिसोड बघत होते. एमिलियाने, म्हणजे ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तिने, सांगितलेलं असतं येऊ नकोस, तरी सुबारू राजदरबारात घुसतो, मी हिचा नाइट, म्हणजे रक्षक योद्धा आहे असं सगळ्यांसमोर जाहीर करतो, सगळे हसतात, मग ज्युलियस नावाचा खरा नाइट त्याला लाकडी तलवारीने सगळ्यांसमोर मारतो. इथपर्यंत ठीक. पण मग खोलीत फक्त सुबारू आणि एमिलिया, आणि तो तिला म्हणतो की मी तुझ्यासाठी किती केलंय, तुझ्यावर माझे इतके उपकार आहेत की तू ते फेडूच शकणार नाहीस. आणि भयंकर गोष्ट ही की ते खरं आहे. तो तिच्यासाठी खरोखर मेलाय, परत परत. फक्त तिला ते माहीत नाही आणि तिने ते मागितलंही नव्हतं. ती म्हणते की मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता, तूच ठेवू दिला नाहीस, अशा अर्थाचं काहीतरी, आणि निघून जाते. मी कुर्ल्याला उतरलेच नाही. कळलंच नाही स्टेशन गेलेलं, सायनला उतरून उलट्या गाडीने परत आले आणि ऑफिसला लेट मार्क लागला.

सुबारूच्या वाढीत काही मिळत नाही, गळून पडतं. आपण हीरो आहोत हे गळतं, आपल्याला सगळं आधीच माहीत आहे हे गळतं, आणि सगळ्यात शेवटी ते उपकारांचं खातं गळतं. अठराव्या एपिसोडमध्ये जवळजवळ पूर्ण वेळ नुसतं बोलणं आहे, तो आणि त्याच्यावर प्रेम करणारी रेम. तो म्हणतो चल पळून जाऊ, ती नाही म्हणते, मग तो स्वतःबद्दल जेवढं वाईट वाटतं तेवढं सगळं ओकतो, मी रिकामा आहे, मी काहीच कधी केलं नाही, मला मी आवडत नाही. ती सगळं ऐकते, आणि मग त्याच्यात तिला काय दिसतं ते एकेक करून सांगते. शून्यापासून सुरू करू, म्हणते. लोकांना हा सीन प्रेमासाठी आवडतो. मला तो आवडतो कारण दुसऱ्या जगात आल्यापासून पहिल्यांदाच तो आपण आधी कसे होतो हे कुणाला तरी खरं सांगतो. रुडेउस अख्ख्या बालपणात हे कुणाला सांगू शकत नाही, त्याच्या नव्या चेहऱ्यामागे ते लपून जातं. सुबारूला लपायला नवा चेहराच दिलेला नाही.

आणि २०२० मध्ये दुसऱ्या सीझनला तो आईवडिलांना भेटतो, खरे नाहीत, एका परीक्षेत दिसलेले, आणि तेव्हा कुठे माफी मागतो, निरोप घेतो. उचलून नेलेल्यांचं हे एक असतं, घरी कुणालाच काही सांगून आलेलं नसतं.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "ताई, मी बारा तासांची शिफ्ट करून येतो. दिवसभर लोकांचं ऐकून घेतो. घरी येऊन परत कुणाला तरी मार खाताना बघायचं का मी?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. त्याचे वडील आजारी पडल्यापासून घर तोच चालवतो. स्लाईममध्ये सगळ्यांना खायला मिळतं, सगळ्यांना घर मिळतं, कुणी बॉस त्यांना ओरडत नाही. त्याला ते रात्री अकरा वाजता बघायचं असेल तर मी कोण नाही म्हणणारी. फक्त त्याला वाढ म्हणू नकोस, आराम म्हण, एवढंच मी म्हटलं, आणि तो चिडला, आणि आता मला वाटतं मी ते जरा कठोर बोलले.

दोन्हीच्या मध्ये बसणारी एक आहे, 'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म'ची माईन. पुस्तकांच्या ढिगाखाली मेलेली मुलगी एका गरीब, सतत आजारी पडणाऱ्या पोरीच्या अंगात जागी होते, आणि पुस्तकं फक्त श्रीमंतांकडे, म्हणून ती स्वतः कागद बनवायला निघते. मातीच्या पाट्या करून बघते, लाकडाच्या पट्ट्या गोळा करते तर आई सरपण समजून जाळते. मला तिच्यातलं ते आवडतं की सुरुवातीला तिला या घरातल्या कुणाचंच काही पडलेलं नसतं, फक्त पुस्तक पाहिजे. आणि तिचा मित्र लुट्झ तिला पकडतो, तू माईन नाहीस, ती कुठे आहे, असं तोंडावर विचारतो. इसेकाईमध्ये हा प्रश्न कुणी विचारतच नाही हो! कुणाचं तरी मूल गेलंय आणि त्याच्या जागी हा हीरो बसलाय. तिला ते ऐकून घ्यावं लागतं. पुढे ज्यांचं तिला काही पडलं नव्हतं त्याच आईबापांना वाचवायला ती त्यांची मुलगी असणंच सोडून देते, मोठ्या घरात जाते, आणि मग समोर आले तरी त्यांना आईबाबा म्हणू शकत नाही. पुस्तकं मिळतात तिला. मी तो एपिसोड आईशेजारी बसून पाहिला आणि आईने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

ओव्हरलॉर्डचा आइन्झ उलटा जातो, पहिल्या दिवसापासून शंभराव्या लेव्हलला आणि मग माणूसपण कमी कमी, पण त्यावर वेगळं लिहायला लागेल.

मला शेवटी योकोबद्दलच बोलायचं होतं. 'ट्वेल्व्ह किंग्डम्स', फुयुमी ओनोची कादंबरी, पहिला भाग १९९२ चा, म्हणजे नारो साईट यायच्या बारा वर्षं आधीचा, आणि २००२ मध्ये त्यावर ४५ भागांची अ‍ॅनिमे झाली. योको नाकाजिमा ही अशी मुलगी की जी शाळेत, घरात, सगळ्यांना आवडेल असंच वागते, वर्गात एकीला छळतात तर हिला वाईट वाटतं पण ती गप्प बसते, कारण बोललं तर आपलाही नंबर लागेल. तिला उचलून नेलं जातं आणि मग पुस्तकात ती एकटी आहे, पूर्ण एकटी. अ‍ॅनिमेत सोबत दोन वर्गमित्र घातलेत, मला तो बदल नाही आवडला. जी बाई आसरा देते तीच तिला विकायला निघते. आपल्याच देशाचा एक म्हातारा भेटतो, आपली भाषा बोलतो, आणि रात्री सामान चोरून पळतो. एक निळं माकड रोज रात्री येऊन सांगतं की तुझं कुणीच नाही, तिथेही नव्हतं. आणि तिच्या तलवारीत तिला घर दिसतं, आई, शिक्षक, वर्गातल्या मुली तिच्याबद्दल काय बोलतात ते ऐकू येतं, आणि कळतं की सगळ्यांना खूश ठेवून ती कुणालाच माहीत नव्हती.

ती वाईट होते. हे मी दुसऱ्या कुठल्या इसेकाईत इतकं प्रामाणिक बघितलं नाही. राकुशून नावाचा माणसासारखा बोलणारा उंदीर तिला वाचवतो, जेवायला घालतो, आणि हल्ला झाल्यावर ती त्याला जखमी टाकून पळते, वर तिच्या मनात येतं की परत जाऊन त्याला मारावं म्हणजे तो माझ्याबद्दल कुणाला सांगणार नाही. तिथे ती थांबते. स्वतःला बघून थांबते. आणि ठरवते की समोरचा दगा देवो न देवो, मी विश्वास ठेवणार, कारण मला तशी व्हायचंय, त्याने तसं असावं म्हणून नाही. कुठलीही पॉवर मिळालेली नसते, कुणी टाळ्या वाजवत नाही, बघायला एक माणूस नसतो. पुढे ती केई राज्याची राणी होते आणि पहिला हुकूम काढते तो हा की लोकांनी जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करायचा नाही. आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचून घाबरत जगलेली मुलगी, आणि आता तिला समोरच्याचा चेहरा दिसायला हवा असतो.

योकोचं मी भावाला नाही सांगितलं, वेळच नाही मिळाला, रंगकाम संपलं आणि तो गेला. पण काल रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. "ताई, तेरावा बघितला. हा असं कसं बोलला तिला?" मग दोन मिनिटांनी अजून एक, "बंद करू का?"

मी लिहिलं, आता झोप, पण सोडू नकोस, अजून पाच बघ.